पाऱ्याचा हात आणि सासूबाईंचा तक्ता

पाऱ्याचं खरं नाव विजेच्या बिलावर छापून येतं. बाकी ते कुणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. बाजारात जाऊन नुसतं विचारा, फ्रिज दुरुस्त करणारा पारा कुठं बसतो म्हणून. शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवील. चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी एक अरुंद दुकान, दारात तीन मेलेले फ्रिज आणि आत स्टुलावर एक ढेरपोट्या माणूस, दोन्ही तळवे मांडीवर उताणे टाकून बसलेला. तोच पारा.

हे नाव त्याला हातामुळं पडलं. फ्रिज आला की हा पठ्ठ्या मागच्या नळीवर तळहात ठेवणार, डोळे मिटणार आणि सांगणार, 'गॅस निम्मा गेलाय' किंवा 'कॉम्प्रेसर फार तर महिनाभर चालेल, रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या.' आणि ते खरं निघायचं! दुकानात थर्मामीटर होता, पण त्याचा उपयोग पाठ खाजवायला. 'ज्याला हात नाही त्यानं थर्मामीटर वापरावा,' असं तो गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगायचा. गिऱ्हाईक हसायचं. पारा हसायचा नाही. त्याला ते शंभर टक्के मान्य होतं.

या हातावर त्याला बायको मिळाली, हे ऐकून लोकांना चेष्टा वाटते, पण तसंच झालं होतं. त्याचं असं झालं की तीसेक वर्षांपूर्वी हॉस्पिटलातला लसींचा फ्रिज बघायला पाऱ्याला बोलावलं. तिथल्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर म्हणजे एक उंच, ताठ, खमकी बाई. वॉर्डात शिरल्यावर पेशंटसुद्धा खोकला दाबून धरायचे. पाऱ्यानं फ्रिजमध्ये हात घातला आणि म्हणाला, 'दोन डिग्रीनं जास्त आहे.' सिस्टरनं थर्मामीटर बघितला. बरोबर दोन डिग्री जास्त. तिनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, 'लग्न झालंय का?' पुढं घरात बराच धिंगाणा झाला. मुलगी पोस्टात नोकरीला, शिकलेली, आणि तिला हा फ्रिजवाला? पण सिस्टरनं कुणाचं ऐकलं नाही. 'मला माणूस अचूक लागतो,' एवढंच म्हणाली आणि पोरगी देऊन टाकली.

अचूकपणाचं त्या बाईला वेडच होतं म्हणा ना. एकतीस वर्षं तिनं पेशंटांच्या तापाचे तक्ते भरले. एकदा कुणा बड्या माणसाला घरी सोडायची घाई होती. मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, 'सिस्टर, तो एकशे एक आहे ना, त्याचा नव्व्याण्णव करा.' सिस्टरनं पेन त्यांच्या हातात दिलं. 'तुम्ही करा आणि खाली सही करा. माझ्या हातून खोटा आकडा लिहिला जाणार नाही.' डॉक्टरांनी पेन परत दिलं. बडा माणूस चार दिवस पडून राहिला.

तर या सासूबाई सासरे वारल्यावर 'पंधरा दिवसांसाठी' म्हणून पाऱ्याकडं आल्या. त्याला आता अकरा वर्षं झाली. जावई आणि सासू एका छपराखाली अकरा वर्षं, म्हणजे लोकांना वाटतं की घरात भांडी फुटत असणार. फुटायचीच! पहिलं भांडण सकाळी चहाला, दुसरं जेवताना आणि तिसरं संध्याकाळी पत्त्यांवर. दोघं बदाम सात खेळायची. सासूबाई पानं अडवून धरायच्या, पारा चिडायचा, सासूबाई म्हणायच्या, 'जावईबापू, आरडाओरडा करू नका, हा वॉर्ड आहे,' आणि पारा म्हणायचा, 'आई, वॉर्डात सुद्धा इतका छळ होत नसेल.' बायको पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर इतकी बोलून यायची की घरी तिच्याकडं शब्द शिल्लक नसायचे. म्हणजे जगात पाऱ्याशी मनापासून भांडणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे सासूबाई. हे त्यानं कधी कबूल केलं नसतं. पण संध्याकाळी सहाला दुकानाचं शटर ओढताना त्याची घाई बघितली असती तर तुम्हाला कळलं असतं.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंची छाती भरली. घराच्या मागच्या बाजूला त्यांची खोली, उत्तरेला भिंत, खाली फरशी बर्फासारखी. तीन आठवडे त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथं त्यांनी स्वतःचा तक्ता स्वतःच तपासला आणि दोन नर्सना रडवलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, खोली वीस डिग्रीच्या खाली जाता कामा नये. छाती दुसऱ्यांदा असं सोसणार नाही.

आणि मग मेहुणा आला. बायकोचा थोरला भाऊ. मोठ्या शहरात विमा कंपनीत मोठा साहेब, बोलायला लागला की समोरच्याला आपण आधीच मेलोय असं वाटावं. त्याच्या इमारतीत भिंतींतून गरम पाणी फिरतं. 'दाजी,' तो म्हणाला, 'तुम्ही माणूस चांगले आहात, पण तुमचं घर म्हणजे शवागार आहे. पुढच्या हिवाळ्यात मी येतो. खोली उबदार असली तर आई राहील, नाहीतर मी घेऊन जातो.' पारा उठून परसात गेला आणि तिथल्या रिकाम्या जागेकडं बघत उभा राहिला.

त्या रिकाम्या जागेत दोन महिन्यांनी यंत्र लागलं. जमिनीत शंभर-शंभर मीटर खोल दोन भोकं, त्यांत वाकवून सोडलेले पाइप, त्यांतून फिरणारं पाणी. जमिनीच्या पोटात उन्हाळा-हिवाळा नसतो, बारा महिने एकच हवा. हिवाळ्यात ते पाणी खालची थोडी ऊब घेऊन वर येतं, पंप ती ऊब पिळून घट्ट करतो आणि फरशीखालच्या नळ्यांतून घरभर सोडतो. उन्हाळ्यात सगळं उलटं, घरातली उष्णता जमिनीत. आणि पंप चालवायला छपरावर सौर पट्ट्या. दिवसा उन्हावर पंप चालतो, जाड फरशी ऊब पिऊन बसते आणि रात्रभर हळूहळू सोडत राहते. कंपनीची इंजिनिअरबाई हे समजावून सांगत होती तेव्हा पारा मध्येच ओरडला, 'अहो, म्हणजे हा तर फ्रिजच की! उलटा घातलेला फ्रिज!'

'तसंच समजा काका,' इंजिनिअरबाई हसून म्हणाली.

इथं तिनं चूक केली. त्यानंतरचं पाऱ्यानं काही ऐकलं नाही. ती बिचारी सांगत होती, 'पण फ्रिजसारखं चालू-बंद करायचं नाही. फरशी तापायला दीड-दोन दिवस लागतात. आकडा एकदा लावायचा आणि विसरून जायचं. आणि पाइप हाताला गरम लागणार नाही, कोमट लागेल, तेच बरोबर आहे.' पारा मान हलवत होता. फ्रिजबद्दल हिनं आपल्याला शिकवावं? अहो, हिचा जन्म व्हायच्या आधीपासून आपण नळ्या जोडतोय!

उन्हाळ्यात यंत्रानं कमाल केली. बाहेर डांबर वितळत होतं आणि सासूबाई दुपारी फरशीवर अनवाणी फिरत होत्या. पाऱ्यानं अख्ख्या बाजाराला घरी आणून फरशी दाखवली. 'सूर्य घराला गार करतो बघा,' म्हणायचा. चाव्यावाल्यानं तर तीनदा दाखवून घेतली, कारण दरवेळी सरबत मिळायचं. एक गोष्ट मात्र पाऱ्याच्या ध्यानात आली नाही. उन्हाळा म्हणजे फ्रिजवाल्याचा हंगाम. सकाळी सातला बाहेर पडलेला पारा रात्री नऊला परतायचा. यंत्राकडं बघायला त्याला फुरसतच नव्हती.

हिवाळ्यात कोण मरायला फ्रिज दुरुस्त करतंय? दुकान ओस पडलं. मंगळवारी आणि शुक्रवारी गावाबाहेरच्या शीतगृहात देखभालीचं काम असायचं, तेवढे दोन दिवस पारा सकाळी जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. उरलेले पाच दिवस तो घरी, यंत्राजवळ, हात मोकळे ठेवून.

मग सुरू झाली लुडबुड. सकाळी उठला की तो परसाला लागून असलेल्या यंत्राच्या खोलीत जाऊन पाइपवर तळहात ठेवायचा. कोमट! कोमट म्हणजे काय? नळी एकतर चटका देणारी असते नाहीतर गार, कोमट ही आजारी नळी. मग तो यंत्र बंद करायचा, हवा काढायचा, झडप फिरवायचा, चालू करायचा. तासाभरानं पुन्हा हात. पुन्हा कोमट. पुन्हा बंद. शिवाय दर दोन तासांनी कॉम्प्रेसरला वीस मिनिटं विश्रांती, कारण फ्रिजलाही विश्रांती लागते. आणि ढग! बाजारभर सांगितलं होतं ना, माझं घर सूर्यावर चालतं म्हणून. ढग आला की वीज खांबावरून येणार, म्हणजे आपण थापाडे ठरणार. त्यामुळं हा माणूस परसात मान वर करून उभा. ढग सूर्याकडं सरकायला लागला की धावत आत, यंत्र बंद. ढग गेला की धावत आत, यंत्र चालू. शेजारीण बायकोला म्हणाली, 'तुमच्या ह्यांनी व्यायाम चालू केला का? छान आहे.'

सासूबाईंच्या खोलीत भिंतीला थर्मामीटर होता. पंधरा. सोळा. कधी चौदा. सासूबाई दोन स्वेटर घालून बसायच्या आणि खोकायच्या. खोकला आला की पारा स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहायचा, म्हणजे ऐकू येऊ नये.

गंमत अशी की मंगळवारी संध्याकाळी तो दमून यायचा तेव्हा खोली अठरावर असायची. 'बघितलंत?' तो विजयानं म्हणायचा. 'काल मी झडप अर्धा आटा फिरवली होती, त्याचा गुण आला!' आणि बुधवारी सकाळी तो झडप आणखी अर्धा आटा फिरवायचा.

सासूबाई गप्प राहायच्या. ही बाई आणि गप्प! तिथंच पाऱ्याला शंका यायला हवी होती. भांडणं कमी झाली. पत्ते खेळताना त्या पान अडवून धरेनात. एकदा तर पाऱ्याच्या हातून दोन पानं एकत्र चिकटून पडली, चूक उघड उघड त्याची, आणि सासूबाईंनी मुकाट्यानं दुसरं पान उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं. पाऱ्याला रागच आला. म्हातारीनं हत्यारं खाली टाकली की काय?

मेहुण्याचा फोन आला, रविवारी येतो. त्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, 'जावईबापू, माळ्यावरची माझी बॅग काढा.'

'कशाला?'

'पत्ते ठेवायला,' सासूबाई म्हणाल्या. 'बॅग कशाला लागते माणसाला?' आणि आंघोळीला निघून गेल्या.

पाऱ्यानं बॅग काढली, धूळ झटकली आणि पलंगावर ठेवली. ती रिकामी बॅग तिथं तोंड उघडून पडली. शेवटचा उपाय म्हणून, कसला उपाय ते त्याला तरी कुठं माहीत होतं, तो चार पायांवर पलंगाखाली शिरला. तिथली फरशी भिंतीलगत असते, कुठली नळी तुंबली असेल तर तिथं हाताला कळेल. ढेरी अडकली. तो तसाच पुढं सरकला, पाठीनं पलंगाच्या फळ्या उचलल्या गेल्या आणि गादीखालून कागदांची एक चळत सरळ त्याच्या नाकासमोर पडली.

कागद म्हणजे हॉस्पिटलातल्यासारखे तक्ते. पट्टीनं आखलेले. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. प्रत्येक रकान्यात टिंब, टिंबं रेघेनं जोडलेली. वर पेशंटाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'मागची खोली.' सासूबाई चार आठवडे खोलीचा ताप लिहीत होत्या!

पारा पलंगाखालीच आडवा होऊन वाचायला लागला. रेघ खाली, खाली, आणि एकदम वर. पुन्हा खाली, खाली आणि वर. वर जायची ती मंगळवारी आणि शुक्रवारी. चारही आठवडे. शेवटच्या रकान्यात, जिथं दिलेलं औषध लिहितात, तिथं सासूबाईंच्या टपोऱ्या अक्षरात नोंदी होत्या. सोमवार, 'जावई घरी.' मंगळवार, 'जावई शीतगृहात.' बुधवार, 'जावई घरी, ढगाळ.' त्या दिवशीची रेघ पार तळाला. रविवार, 'जावई दिवसभर घरी.' चौदा डिग्री.

फ्रिजवाला झाला तरी गडी मूर्ख नव्हता. निदानाचा रकाना सासूबाईंनी कोराच ठेवला होता, पण आता तो भरायला कुणी लागणार नव्हतं. यंत्र ठणठणीत होतं. रोग तो स्वतः होता.

'बाहेर या,' वरून आवाज आला. सासूबाई ओले केस टॉवेलात गुंडाळून उभ्या होत्या. 'पाय दिसतायत तुमचे.'

पारा बाहेर आला. केसांत कोळिष्टकं, हातात तक्ते.

'हे सांगितलं का नाहीत?' त्याचा आवाज चढला. 'चार आठवडे! चार आठवडे तुम्ही इथं कुडकुडत बसलात, खोकत राहिलात आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत? एरवी चहात साखर जास्त पडली तर अर्धा तास ऐकवता!'

सासूबाई पलंगावर बसल्या. बॅग बाजूला सारली. 'काय सांगू? तुमचा हात चुकतोय म्हणून सांगू?' त्या म्हणाल्या. 'त्या हातावर मी पोरगी दिली हो. सगळ्या घराशी भांडून दिली. आता कुठल्या तोंडानं म्हणू?'

पारा हातातले तक्ते सरळ करायला लागला.

'आणि बोटं बधिर झालीयत तुमची,' सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. 'उजव्या हाताची. दोन वर्षं तरी झाली असतील. पानं सुटत नाहीत तुमच्याच्यानं, दोन-दोन पडतात. नर्स आहे मी. कळत नाही का मला?'

हे मात्र पाऱ्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. गार गॅसचे चटके खाऊन खाऊन बोटांची टोकं मेली होती. हल्ली तो दुकानात निम्मं हातानं सांगायचा आणि निम्मं अंदाजानं. तो सासूबाईंच्या शेजारी बसला आणि त्याला रडू आलं. छप्पन्न वर्षांचा बाप्या, कोळिष्टकांसकट, भोकाड पसरून रडला. सासूबाईंनी डोक्यावरचा ओला टॉवेल काढून त्याच्या हातात दिला.

'नाक त्यात पुसू नका,' त्या म्हणाल्या.

बायको जेवायच्या सुट्टीत घरी आली तेव्हा पाऱ्यानं यंत्रावर बावीसचा आकडा लावला, यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली तिच्यापुढं धरली. 'ही पोस्टात ने. रविवारपर्यंत मला देऊ नकोस. मी पाया पडलो तरी.' बायकोनं काय, का असं काही विचारलं नाही. किल्ली पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि म्हणाली, 'बरं झालं.' म्हणजे हिलाही माहीत होतं! घरात ज्याला माहीत नव्हतं असा एकटा तोच.

गुरुवारी संध्याकाळी सोळा. शुक्रवारी तो शीतगृहात गेला, दिवसभर तिथल्या लोकांवर खेकसला आणि परत आला तेव्हा साडेसतरा. थोडं कमीच. पण पाइपाला हात लावायची सोय नव्हती.

खरी कसोटी शनिवारी. सकाळपासून आभाळ गच्च. सूर्याचा पत्ता नाही. पारा तीनदा परसात गेला, तीनदा परत आला. कुलपाला हात लावून बघितला, किल्ली नसताना कुलूप उघडतं का म्हणून. 'आई, खांबावरची वीज खातंय ते. दिवसभर खाणार. सूर्यावर चालतं म्हणून सांगितलं मी सगळ्यांना.'

'मग सांगा ना, सूर्य आज सुट्टीवर आहे,' सासूबाई म्हणाल्या. 'डॉक्टर सुट्टीवर गेले म्हणून आम्ही वॉर्ड बंद करायचो का? बसा इथं. पत्ते काढा. दोन्ही हात मला दिसले पाहिजेत.'

सकाळी दहापासून खेळ चालू झाला. मधे फक्त जेवण. सासूबाईंनी पुन्हा पानं अडवायला सुरुवात केली, आणि कशी! चौकटचा आठ्ठा त्यांनी असा दाबून धरला की पाऱ्याचे चार डाव बुडाले. तो ओरडला, त्या ओरडल्या, बायकोनं दुसऱ्या खोलीचं दार लावून घेतलं. भांडणाच्या नादात त्याचं भिंतीकडं लक्षच गेलं नाही. दुपारी दोनला सासूबाईंनी पानं पालथी टाकली, उठून थर्मामीटर बघितला आणि तक्त्यात टिंब काढलं. एकोणीस. सहाला पुन्हा उठल्या. साडेएकोणीस. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'जावई घरी.' आणि त्यापुढं, 'हात बांधलेले.'

रविवारी अकराला मेहुणा आला. जाड जाकीट, आत स्वेटर, गळ्याला मफलर, आणि गाडीत आईसाठी नवं ब्लँकेट. खोलीत खुर्ची ओढून तो बसला आणि सुरू झाला. 'दाजी, वाईट वाटून घेऊ नका. प्रयत्न केलात, मान्य आहे. पण हे नवे प्रयोग आजारी माणसावर करायचे नसतात.' मफलर काढला. 'जमिनीत भोकं पाडून घर तापतं का? मला पटलं नव्हतंच.' जाकिटाची चेन खाली. 'आमच्याकडं कसं, भिंतीला हात लावला की चटका बसतो. त्याला म्हणतात हीटिंग.' जाकीट खुर्चीच्या पाठीवर. पारा पलंगाच्या कडेला, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसलेला. सासूबाई जावयाकडं बघत नव्हत्या, जावई सासूबाईंकडं बघत नव्हता. 'आईचं वय बघा. तिची छाती बघा. ह्या असल्या थंडीत,' असं म्हणत मेहुण्यानं स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि कपाळ पुसलं, 'ह्या असल्या थंडीत तिला मी एक दिवसही ठेवणार नाही.'

दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

'दादा,' ती म्हणाली, 'स्वेटर घाल की. थंडी आहे ना.'

मेहुण्यानं स्वतःच्या हातातल्या स्वेटराकडं बघितलं. मग उघड्या कोपरांकडं. मग भिंतीकडं. तोंड उघडं होतं, पण विम्याच्या साहेबाला आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाक्य मिळालं नाही. पाऱ्याला वाटलं होतं तसं हसू मात्र आलं नाही.

'बस रे,' सासूबाई मुलाला म्हणाल्या. 'चहा घे. ब्लँकेट ठेवून जा, छान आहे. मी कुठं जात नाही. माझा डाव अर्धा राहिलाय.'

मेहुणा जेवून गेला. जाताना फरशीवर अनवाणी चालून बघितलं, कुणी बघत नाही असं समजून. पाऱ्यानं बॅग माळ्यावर टाकली, अगदी मागे, जिथून ती काढायला शिडी लागेल.

दुपारचे दोन वाजत आले. बायको भांडी आवरत होती. सासूबाईंनी गादीखालचा तक्ता काढून पलंगाच्या पायथ्याशी, उघडपणे, टाचणीनं लावला होता. त्यांनी चष्मा चढवला, पेन उघडलं आणि भिंतीकडं जायच्याऐवजी पलंगावरच बसून राहिल्या.

'जावईबापू,' त्या म्हणाल्या, 'किती आहे सांगा बघू.'

'थर्मामीटर आहे की समोर.'

'मी तुम्हाला विचारलं.'

पाऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं. त्या चेष्टा करत नव्हत्या. तो वाकला, गुडघ्यावर बसला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा उजवा तळहात फरशीवर ठेवला. डोळे मिटले. बोटांच्या टोकांना काही कळत नव्हतं, पण तळव्याच्या मधोमध काहीतरी हळूहळू येत होतं, कोमट, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की कोमट म्हणजे आजारी नव्हे.

'बावीस,' तो म्हणाला.

डोळे उघडले तेव्हा भिंतीवरचा थर्मामीटर त्याला गुडघ्यांवरूनही स्वच्छ दिसत होता. एकवीस. एकवीसच्या वर एक रेघही नाही. तो सासूबाईंनाही दिसत होता, त्या टक लावून तिकडंच बघत होत्या.

मग एकतीस वर्षांत एकही आकडा खोटा न लिहिलेल्या त्या बाईनं तक्त्यावर वाकून, दोनच्या रकान्यात, बावीसवर टिंब काढलं. रेघेनं जोडलं. पेनाला टोपण लावलं.

पारा काही बोलायला गेला.

'पत्ते वाटा,' सासूबाई म्हणाल्या. 'आणि एकेकच पान टाका.'